रात्रपाळी

फ्रिजवर चुंबकाखाली सुवार्ताची चिठ्ठी:
डाळ गरम करून घ्या. तबिथाचे दात घासून घ्या.
प्रार्थना चुकवू नका.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
माझा स्वभाव तिला लग्नाआधीपासून ठाऊक.

रुवीत रात्री आठलाही भिंती तापलेल्या असतात.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
आणि समोरचा उघडाबोडका डोंगर
दिवसभर खाल्लेलं ऊन
परत ओकत राहतो.
ती आता हॉस्पिटलच्या बसमध्ये असेल, खिडकीशी,
आणि इथे मी,
चर्चच्या मागल्या बाकावरून एकोणिसाव्या वर्षी उठलेला
आणि परत न बसलेला,
पाच वर्षांच्या मुलीशेजारी गुडघे टेकतो.
फरशी गार आहे. आधी तेवढंच कळतं.

"डोळे मीट."
मिटतो.
"खरे मीट."

तिचा क्रम तिचा आहे.
आधी वॉचमन करीमचाचाचा गुडघा,
मग जिन्यातली लंगडी मांजर,
मग आईच्या वॉर्डातले बेड नंबर सातचे आजोबा:
"देवा, त्यांना शू होऊ दे."
मला हसू येतं, मी ते खोकल्यात लपवतो.
संगमनेरच्या मिशन कंपाउंडात
वचन अडखळलं की तळहातावर छडी बसायची,
वडिलांचीच, आणि तीही मोजून.
मला आजही काही वचनं
वळांच्या क्रमाने आठवतात.
म्हणून मी हिला मध्ये अडवत नाही.
चुकू दे.

तेवढ्यात मशिदीतून अजान येते,
आधी एक, मागून दुसरी, जरा दूरची.
तबिथा थांबते. ओठांवर बोट.
"त्यांचं होऊ दे, मग आपलं."
हे तिला कोणी शिकवलं, विचारायचं राहूनच जातं.
आम्ही दोघं तसेच, हात जोडून, गप्प.
बादलीत थेंब. फ्रिजची घरघर.
इतका वेळ गप्प मी
कितीतरी वर्षांत बसलेलो नाही.

मग प्रभूची प्रार्थना.
ती भराभर चालते, आणि भाकरीपाशी येऊन अडते.
"बाबा, आपण तर खुबूस खातो.
मग भाकर का मागायची?
त्याने खरंच भाकर पाठवली तर?"
बिलं, व्हिसा, गोदामातला हिशेब,
सगळ्याची उत्तरं माझ्या फाइलीत असतात.
"भाकर म्हणजे," मी म्हणतो,
"म्हणजे, पोटाला जे लागतं ते."
"मग मी खुबूस म्हणू? त्याला कळेल?"
"कळेल."

शब्द निघून गेल्यावर मला तो ऐकू आला,
रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज
ओळखू येऊ नये तसा.

"रोजचं खुबूस आज आम्हाला दे,"
ती म्हणाली, आणि आमेनच्याही आधी उठली.
ताटातलं उरलेलं खुबूस फाडलं,
मोठा तुकडा आईसाठी वाटीखाली झाकला.
झाकताना एक घास स्वतः खाल्ला.
मग अंथरुणात, झोपेच्या काठावरून:
"उद्या शुक्रवार ना? म्हणजे आपला रविवार."
हो. दुपारी तीन ते सव्वाचार,
मल्याळींचं झाल्यावर, तमिळींचं सुरू व्हायच्या आत,
कंपाउंडातली मागची खोली मराठीची.
मी दर वेळी पार्किंगमध्ये, गाडीत एसी लावून बसतो.
"उद्या तू आत येशील?"
मी म्हटलं, झोप.

सकाळी साडेसातला सुवार्ता आली,
बूट हातात, टाचांवर दमत दमत.
वाटी उचलली. "हे काय?"
"तुझं रोजचं," मी म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
प्रार्थना झाली का, हे विचारलं नाही.
खुबूस वाळून पापडासारखं झालेलं,
चहात बुडवलं तरी मऊ होईना.
तिने अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं.
मी घेतलं.

आतून, डोळे न उघडता, आवाज आला:
"आई, बेड नंबर सातच्या आजोबांना झाली?"

"झाली गं. पहाटे चारला."

"आमेन," म्हणून तबिथाने कूस बदलली.